भंगारातला निऑन ट्रान्सफॉर्मर: तिन्हीपैकी कुठला घ्यायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, कापड दुकानाची जुनी निऑनची (चमकत्या काचेच्या नळ्यांची) पाटी उतरवली त्यातला लोखंडी डबा, म्हणजे त्या नळ्यांना हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, पट्टीवर २३० व्होल्ट, १० केव्ही (म्हणजे १० हजार व्होल्ट), ५० मिलिअँप, भंगारवाला किलोच्या भावाने द्यायला तयार. दुसरा, हलकी प्लॅस्टिकची पेटी, तिच्यावर ८ केव्ही ३० मिलिअँप छापलंय, जवळजवळ नवी. तिसरा, न्यू जर्सीचे मामा दिवाळीला येताना तिकडचा जुना १५ केव्ही ३० मिलिअँपचा घेऊन येतो म्हणतायत. करायचंय काय, तर कॉलेजच्या प्रदर्शनाला जेकब्ज लॅडर (दोन सळ्यांमधून वर चढत जाणारी ठिणगी), नंतर छोटी टेस्ला कॉइल (हवेत ठिणग्या सोडणारी हाय व्होल्टेजची कॉइल), आणि जमलं तर लाकडावर विजेची नक्षी. काका म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. भंगारातला लोखंडी घे, पण खाली सांगतो त्या तपासण्यांत पास झाला तरच. प्लॅस्टिकचा नको. मामांना सामानात ओझं करू नको म्हणावं, पण त्यांनी आणलाच तर तो कसा वापरायचा तेही सांगतो. आणि नक्षीचं डोक्यातून काढून टाक, त्याबद्दल शेवटी लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केव्हीचा आकडा बघून निवडू नकोस, सगळे नवीन पोरं तिथेच फसतात, १५ म्हणजे १० पेक्षा भारी असं काही नसतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये विकत घ्यायची असते ती आतल्या इन्सुलेशनची तब्येत, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता तो लोखंडी डबा आतून काय आहे ते समजून घे, कारण तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. मधे प्रायमरी (घरची वीज देतात ते वायंडिंग), तिच्या दोन्ही अंगांना एकेक सेकंडरी (हाय व्होल्टेज निघतं ते वायंडिंग), आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मधे स्टॅम्पिंगचेच, म्हणजे कोरच्या लोखंडी पत्र्यांचेच, छोटे गठ्ठे खुपसलेले असतात, त्यांना शंट म्हणतात. निऑनची नळी पेटायच्या आधी तिला भरपूर व्होल्टेज लागतं आणि एकदा पेटली की तिचा रोध एकदम पडतो, तेव्हा साधा ट्रान्सफॉर्मर लावला तर करंट वाढत जाऊन नळी तरी जाईल नाहीतर ट्रान्सफॉर्मर तरी. ते होऊ नये म्हणून हे शंट, लोड वाढला की फ्लक्स (कोरमधला चुंबकीय प्रवाह) सेकंडरीत जायच्या ऐवजी शंटमधून आडवाटेने फिरतो आणि करंट ठरलेल्या आकड्याला अडतो. सेकंडरी चक्क शॉर्ट केली तरी हा ट्रान्सफॉर्मर जळत नाही, अमेरिकन पट्टीवरचा मिलिअँपचा आकडा तर शॉर्ट सर्किट करंटचाच असतो. आपल्याला हाच गुण हवा असतो, कारण ठिणगी म्हणजे शेवटी हवेतून केलेला शॉर्टच. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला असला भक्कम लगाम नसतो, साधारण दोन हजार व्होल्ट आणि मागे अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नकोस असं मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही सेकंडरींची आतली टोकं कोरला, म्हणजे डब्याच्या पत्र्याला जोडलेली असतात. १० केव्ही लिहिलेलं असलं तरी एका बुशिंगपासून (सेकंडरीचं टोक बाहेर येतं त्या चिनीमातीच्या खुंटीपासून) पत्र्यापर्यंत ५ आणि दुसऱ्यापासून पत्र्यापर्यंत ५ असा हिशोब, युरोपियन बनावटीच्या कित्येकांवर तसं स्पष्ट छापलेलंही असतं. याचे दोन परिणाम. पत्र्याला अर्थिंग दिल्याशिवाय हा ट्रान्सफॉर्मर कधीच चालू करायचा नाही, ढिल्या दोन पिनच्या प्लगवर तर नाहीच नाही. आणि एक बुशिंग अर्थ करून दुसऱ्यावरून पूर्ण १० केव्ही घेईन असं चालत नाही, तसं केलंस की ती एक अर्धी सेकंडरी शॉर्ट होते, एवढंच.

प्लॅस्टिकची पेटी का नको म्हणतो ते सांगतो. ती इलेक्ट्रॉनिक आहे, आत मेन्सचं डीसी करून वीस-तीस किलोहर्ट्झच्या आसपास स्विचिंग करतात आणि फेराइटच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हाय व्होल्टेज काढतात. निऑनसाठी वस्तू चांगली, हलकी, आवाज नाही, पण आपल्या कामाला अडचणीची. तिला काच फुटली, वायर सुटली हे ओळखायचं प्रोटेक्शन असतं आणि जेकब्ज लॅडरची ठिणगी वर जाऊन तुटते तेव्हा तिला तेच वाटतं, मग ती बंद पडते. टेस्ला कॉइलचा कपॅसिटर तर तिला सरळ शॉर्टसारखाच दिसतो. शिवाय या फ्रिक्वेन्सीला झटका कमी जाणवतो आणि चामडी भाजते, म्हणजे शरीर जो इशारा देतं तोच उशिरा मिळतो. साधा मल्टिमीटर यावर खोटा आकडा दाखवतो आणि रेक्टिफाय करायला नेहमीचे डायोड टिकत नाहीत. आणखी एक, हल्ली बाजारात निऑन म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं एलईडी फ्लेक्स असतं, त्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर निऑन ट्रान्सफॉर्मर म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर पट्टी वाचून सोडून दे.

बॉयलरच्या डिझेल बर्नरचा इग्निशन ट्रान्सफॉर्मरही भंगारात येतो, इचलकरंजी-भिवंडीकडे प्रोसेस हाउस असल्यामुळे तिकडे तर सहज दिसेल. वीटभर आकार, बऱ्याचदा १० केव्ही आणि वीसेक मिलिअँप. हा वाईट नाही, पण तो काही सेकंद ठिणगी द्यायला बनवलेला असतो, सतत चालवायला नाही. पट्टीवर ईडी ३३% असं काहीतरी दिसलं तर त्याचा अर्थ ठरलेल्या वेळेच्या एक तृतीयांशच तो चालू ठेवायचा. टेबलावर मिनिटभर ठिणगी दाखवायची असेल तर चालेल, प्रदर्शनात दिवसभर नाही चालणार.

मामांच्या अमेरिकन ट्रान्सफॉर्मरचं गणित मात्र नीट समजून घे. तो १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा. आपल्या २३० वर लावलास तर कोर सॅच्युरेट होऊन (आणखी फ्लक्स न मावून) प्रायमरी जाईल आणि सेकंडरीत दुप्पट व्होल्टेज येऊन तीही जाईल. स्टेप-डाउन लावून ११० दिले तरी पूर्ण बरोबर नाही, कारण कोरमधला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने चालतो, ६० ला १२० सोसणारा कोर ५० ला १०० व्होल्टच सोसतो. म्हणून व्हेरिअॅकने (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) १०० व्होल्टच द्यायचे. मग सेकंडरीला १५ ऐवजी १२.५ केव्ही मिळतील. करंट तेवढाच राहतो, ३० मिलिअँप, कारण व्होल्टेज जितकं उतरलं तितकाच लीकेज रिअॅक्टन्सही (शंटमुळे करंटला होणारा अडथळा) उतरला. म्हणजे मामांनी एवढं वजन वाहून आणलेल्या वस्तूतून ३७५ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) निघणार आणि तुझ्या गावच्या भंगारातून ५०० व्हीए. त्यात तिकडच्या नव्या मॉडेलमध्ये, साधारण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, सेकंडरी ग्राउंड फॉल्ट प्रोटेक्शन (सेकंडरीचा करंट जमिनीकडे गळला की बंद करणारं संरक्षण) सक्तीचं झालं, ते टेस्ला कॉइलवर सारखं ट्रिप होतं. पट्टीवर यूएल २१६१ (तिकडचं सुरक्षा मानक) किंवा ग्राउंड फॉल्ट प्रोटेक्टेड असे शब्द, बाजूला रिसेटचा खटका किंवा बारका दिवा, ही त्याची ओळख. ते प्रोटेक्शन उखडून काढायचे उद्योग लोक करतात, मला ते अजिबात पटत नाही, ज्याच्यात मुळात नाही असा जुना घ्यावा आणि आपलं संरक्षण आपण बाहेरून चांगलं करावं. फार जुना अमेरिकन असेल आणि त्यावर हाय पॉवर फॅक्टर लिहिलं असेल तर आत प्रायमरीवर कपॅसिटर असतो, तिकडे १९७९ ला बंदी येईपर्यंत असल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल वापरायचे, तेव्हा तसला डबा गळका असेल तर हात लावू नकोस.

आता तपासणी. बाजारात जाताना मल्टिमीटर, ६-०-६ चा (मधल्या ० पासून दोन्हीकडे ६ व्होल्ट देणारा) छोटा ट्रान्सफॉर्मर प्लगसकट, चार क्रोकोडाइल क्लिपा आणि एक कोरडं फडकं एवढं घे. पुण्यातला जुना बाजार असो नाहीतर गावातलं भंगाराचं गोडाऊन, प्लग लावायला पॉइंट दे म्हटलं की माणसं देतात.

आधी नुसतं बघ. चिनीमातीच्या बुशिंगवर फडकं फिरवून धूळ काढ आणि उजेडात तिरकं धरून बघ, केसासारखी काळी वेडीवाकडी रेघ बुशिंगच्या टोकापासून पत्र्याकडे गेलेली दिसली तर तिथून ठिणगी फिरलेली आहे. ती रेघ वरच्या धुळीत असेल तर पुसली जाते. पुसली जात नसेल, नखाला लागत असेल, तर तिथे कार्बन बसलाय आणि पुढची ठिणगी त्याच वाटेने जाणार. बुशिंगला तडा असेल तर नाहीच. मग डब्याचे सांधे बघ. आत डांबर भरलेलं असतं, ते सांध्यातून ओघळून वाळलेलं दिसलं म्हणजे डबा कधीतरी खूप तापलाय, उन्हात छतावर राहिल्यामुळे थोडा ओघळ येऊ शकतो पण तळाशी थर जमलेला असेल तर सोड. वास घे, जळकट करपट वास जुना झाला तरी जात नाही. आणि गंज. आपल्याकडे पाट्या छज्ज्यावर पावसात असतात, विशेषतः कोकणातून आलेला माल असेल तर तळाचा पत्रा दाबून बघ, मऊ लागला तर पाणी आत गेलेलं आहे. पावसाळ्यानंतर उतरवलेला कुठलाही डबा घरी आणल्यावर महिनाभर कोरड्या उबदार जागी ठेवल्याशिवाय पूर्ण व्होल्टेजवर घेऊ नये.

मग ओहमचा रेंज. प्रायमरी काही ओहम दाखवेल. एका बुशिंगपासून पत्र्यापर्यंत काही हजार ओहम, दुसऱ्यापासून पत्र्यापर्यंत जवळपास तेवढेच, आणि बुशिंग ते बुशिंग दोन्हींची बेरीज. इथे खूप जण घोटाळा करतात, सेकंडरी आणि बॉडीत रीडिंग आलं म्हणून शॉर्ट आहे असं म्हणून चांगला माल टाकून देतात, किंवा उलट मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून सेकंडरीचं बॉडीशी इन्सुलेशन मोजायला जातात. अरे ती आतून बॉडीला जोडलेलीच आहे, मेगर शून्यच दाखवणार. मेगर लावायचा तो प्रायमरी आणि बॉडीत, ५०० व्होल्टवर, तिथे भरपूर मेगओहम यायला हवेत, एक-दोनच आले तर ओल आहे. सेकंडरीची एक बाजू ओपन दाखवत असेल तर त्या बाजूची तार कुठेतरी तुटली.

ओहमने शॉर्ट झालेले थोडे वेढे सापडत नाहीत, त्यासाठी ६-०-६ आणलाय. त्याचं ६ आणि ० प्रायमरीला जोड. निऑन ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बुशिंगला मीटरच्या क्लिपा आधी लावून घे, मीटर एसी ७५० च्या रेंजवर, हात बाजूला, आणि मगच प्लग चालू कर. १० केव्ही भागिले २३० म्हणजे साधारण ४३ पट. सहा व्होल्ट दिले तर २६० च्या आसपास यायला हवेत, आणि एकेका बुशिंगपासून बॉडीपर्यंत १३०. ६-०-६ वर लोड कमी असला की तो सात-साडेसात व्होल्टही देतो, म्हणून आधी तो खरा किती देतोय ते मोजून मग गुण. थोडं कमी आलं तर घाबरू नकोस, शंटमुळे सगळा फ्लक्स पलीकडे पोचत नाही. दोन बाजूंची तुलना मात्र महत्त्वाची. एकीकडे १३० आणि दुसरीकडे ७० आले तर ७० वाल्या बाजूत वेढे शॉर्ट आहेत, आणि शंटमुळे चांगल्या बाजूला त्याचा फारसा त्रास होत नाही म्हणून एकूण आकडा बघणारा फसतो. अमेरिकन असेल तर पट १२५, त्यात सहा व्होल्टला साडेसातशे येतात म्हणून तिथे एकेक बाजूच बॉडीशी मोज. आणि सहा व्होल्ट दिलेत म्हणजे खेळणं आहे असं समजू नकोस, २६० व्होल्टचा झटका घरातल्या पॉइंटच्या झटक्याएवढाच असतो, क्लिप हलवायची असेल तर आधी प्लग काढ.

एक बाजू गेलेला डबा अगदी फुकटात मिळत असेल तर ५ केव्हीच्या छोट्या ठिणगीसाठी उरलेली बाजू चालते, पण टेस्ला कॉइलसाठी नको. डांबर वितळवून, रॉकेलमध्ये भिजवून आतलं वायंडिंग बाहेर काढायचे आणि कार्बन खरवडायचे प्रकार तू वाचले असशील. ते करू नकोस. धूर वाईट, आगीचा धोका खराखुरा, आणि एवढं करून सेकंडरीची केसासारखी तार साफ करताना तुटते. ज्या किमतीला हे ट्रान्सफॉर्मर मिळतात त्यात दुसरा शोधणं बरं. डांबरात हे बिघाड होतात कसे तेही लक्षात ठेव: वर्षानुवर्षं तापून-गार होऊन डांबर आकसतं, आत बारीक पोकळी पडते, त्या पोकळीतल्या हवेत कोरोना (हवेतून होणारी बारीक विजेची गळती) सुरू होतो आणि तो हळूहळू कार्बनची वाट तयार करतो. एखादा डबा सहा व्होल्टवर एकदम व्यवस्थित दाखवेल आणि पूर्ण व्होल्टेजवर पाच मिनिटांत जाईल, असं होऊ शकतं. म्हणून भाव ठरवतानाच भंगारवाल्याला सांग की चालला नाही तर परत घ्यायचा, बरेच जण ऐकतात.

पहिल्यांदा पूर्ण व्होल्टेज देताना सिरीज लॅम्पच्या बोर्डवरून दे, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाते, १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब, एलईडी नाही. सेकंडरी मोकळी असताना बल्ब मंद लागायला हवा, झगझगीत पेटला तर प्रायमरीत किंवा आत कुठेतरी शॉर्ट आहे. तो टप्पा पार झाला की व्हेरिअॅकने हळूहळू वाढव आणि कान लावून ऐक, पण लांबून. एकसारखा गुणगुणणारा आवाज ठीक, तडतड किंवा तळणीसारखी चरचर डब्याच्या आतून आली तर लगेच बंद. पंख्याचा डिमर व्हेरिअॅकच्या जागी लावू नकोस, त्यातला ट्रायॅक (वीज कापून देणारा भाग) असल्या इंडक्टिव्ह लोडवर वेडंवाकडं वागतो.

आता जे मला सगळ्यात पोटतिडकीने सांगायचंय ते. तुझ्या घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा ब्रेकर) आहे आणि त्यामुळे तू निर्धास्त आहेस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. तो तुला इथे वाचवणार नाही. आरसीसीबी बघतो काय, तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का. तुझ्या हाताला बुशिंगचा झटका बसला तर करंट सेकंडरीतून तुझ्या अंगातून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगने पत्र्यावर, आणि पत्र्यावरून परत सेकंडरीच्या मधल्या टोकाला. हे वर्तुळ सेकंडरीच्या बाजूलाच पूर्ण होतं. प्रायमरीला फेज-न्यूट्रल बरोबरच दिसतात, आरसीसीबी जागचा हलत नाही, एमसीबी तर नाहीच नाही. आणि ५० हर्ट्झचे ३० मिलिअँप छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडायला पुरे आहेत, इथे तर ५० आहेत, स्नायू आखडून हात सुटतही नाही. करंट लिमिटेड आहे हे ट्रान्सफॉर्मरच्या सोयीसाठी आहे, माणसाच्या नाही.

म्हणून शिस्त ही: चालू असताना कुठलीही गोष्ट हलवायची नाही, प्लग बोर्डातून बाहेर काढून नजरेसमोर टेबलावर ठेवायचा, मगच जवळ जायचं. स्विच बंद केला यावर भरवसा नाही, बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असतात कित्येक घरांत. कपॅसिटर जोडलेला असेल तर लांब पीव्हीसी पाइपच्या टोकाला अर्थ केलेला हूक लावून आधी शॉर्ट करायचा, शिवाय प्रत्येक कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज हळूहळू रिकामा करणारा). एक हात खिशात. शेजारी एक माणूस, ज्याला प्लग कुठला आणि सीपीआर कसा द्यायचा हे माहिती आहे. एकट्याने रात्री बसून हे करायचं नाही. आणि सेकंडरीला घरातली वायर वापरू नकोस, तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं असतं, १० केव्हीला तिचं इन्सुलेशन म्हणजे नुसता रंग. निऑनवाल्यांकडे जीटीओ किंवा सिलिकॉनची हाय टेन्शन केबल मिळते, पाटी उतरवली तिथेच वायरही मागून घे.

जेकब्ज लॅडरला दोन जाड ताठ सळ्या, तळाशी अंतर पाच-सहा मिलिमीटर, वर जाताना व्ही आकारात उघडत पाच-सात सेंटिमीटर. पट्टीवरचे १० केव्ही हे आरएमएस (एसीचा सरासरी धरलेला आकडा), त्याचं शिखर १४ केव्ही असतं, तेवढ्याला टोकदार धातूत हे अंतर सहज तुटतं. तळाशी अंतर जास्त ठेवून सुरूच होत नाही म्हणून वायर हाताने जवळ आणायचा मोह कित्येकांना होतो, प्लग काढूनच अंतर कमी कर. पंखा बंद ठेव, झुळकेने ठिणगी विझते. प्रदर्शनात आहे म्हणून चारही बाजूंनी काच किंवा जाड अॅक्रिलिकची पेटी हवी, वरून उघडी कारण गरम हवा जायला हवी, पण हात पोचणार नाही एवढी उंच. ठिणगीतून यूव्ही निघतं, पेटीने ते बरंचसं अडतं. ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, बंद खोलीत सतत चालवू नको, दाबायचं बटण ठेव जे सोडलं की बंद होतं. पेसमेकरवाल्यांनी लांब राहावं अशी पाटी लाव.

टेस्ला कॉइलचं थोडक्यात. ट्रान्सफॉर्मरचा इंपीडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, १०,००० भागिले ०.०५ म्हणजे २ लाख ओहम. ५० हर्ट्झला तेवढाच रिअॅक्टन्स देणारा कपॅसिटर १६ नॅनोफॅरडच्या आसपास येतो. हा आकडा बरोबर जुळला म्हणून खूश होऊन तोच लावू नकोस, कारण तिथे लीकेज इंडक्टन्स आणि कपॅसिटर मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीला रेझोनन्समध्ये येतात, आणि स्पार्क गॅप (ठिणगी उडायची फट) मोठा राहिला तर व्होल्टेज चढत चढत पट्टीवरच्या आकड्याच्या कितीतरी वर जातं. भंगारातले बहुतेक चांगले निऑन ट्रान्सफॉर्मर हॉबीवाल्यांच्या हातून मरतात ते असेच. दीडपट, म्हणजे २४ नॅनोफॅरडच्या पुढे जा. नळीचे, काचेच्या बाटल्यांचे घरगुती कपॅसिटर करण्यात वेळ घालवू नको, पल्सला चालणारे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सिरीजमध्ये लाव, ०.१५ मायक्रोफॅरड २००० व्होल्टचे दहा सिरीजमध्ये लावले की १५ नॅनोफॅरड २० केव्ही होतात, अशा दोन माळा पॅरलल केल्या की ३०. आणि ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी सेफ्टी गॅप हवाच, बाजूचे दोन गोळे दोन बुशिंगना आणि मधला गोळा अर्थला. तो नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण व्होल्टेजला जेमतेम तुटत नाही इतका उघडा ठेवायचा. त्याच्या पुढे रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, टेस्ला कॉइलवाले त्याला टेरी फिल्टर म्हणतात, म्हणजे गॅप फुटताना होणारे आरएफचे (हाय फ्रिक्वेन्सीचे) धक्के सेकंडरीच्या पहिल्या वेढ्यांवर बसत नाहीत. कॉइलच्या खालच्या टोकाला घराचं अर्थिंग नको, बाहेर वेगळी सळई ठोक, नाहीतर शेजाऱ्यांचे टीव्ही-राउटर तुझ्या नावाने बोंबलतील.

लाकडावरच्या नक्षीचं. मिठाचं किंवा सोड्याचं पाणी लावून लाकडावर प्रोब ठेवायचे आणि जळत जाणाऱ्या फांद्या बघायच्या, व्हिडिओत छान दिसतं. त्यात ओलं लाकूड, ओलं टेबल, हातात प्रोब, आणि कुठलंही प्रोटेक्शन ट्रिप होणार नाही हे वर सांगितलंच. यात माणसं मेलेली आहेत, एकदोन नाही, अनुभवी सुतारसुद्धा. अमेरिकेतल्या लाकूड कातकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातलीय. मी याबद्दल कसलीही सेटिंग, कसलेही आकडे सांगणार नाही, तू कितीही काळजी घेईन म्हणालास तरी.

भावाबद्दल, लोखंड आणि तांब्याच्या किलोच्या दरापेक्षा थोडं जास्त मागितलं तर खुशाल दे, चांगल्या चालू डब्याला ते योग्य आहे. त्याच पाटीतले दोन सारखे डबे असतील आणि दोन्ही तपासणीत पास झाले तर दोन्ही उचल, दुसरा राखीव. दोन पॅरलल मात्र आत्ता करू नकोस, फेजिंग (कुठलं टोक कुठल्याला जोडायचं ते) चुकलं तर दोन्हींच्या सेकंडरी एकमेकांवर उलट बसतात. घेऊन झालं की पट्टीवर जे जे छापलंय ते, दोन्ही बाजूंचे ओहम, आणि ६-०-६ चे खरे व्होल्ट व त्यावर आलेले दोन्ही बाजूंचे आकडे लिही. कपॅसिटर विकत घ्यायच्या आधी ते बघू, कारण माळ किती लांब लागेल हे त्या आकड्यांवर ठरतं.